मात्रा कोणाची आणि नोंद कोणाची?

लशीच्या प्रश्नावर आपल्या देशात दोनच बाजू असू शकतात, असा एक समज गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. एक बाजू शासनाने देऊ केलेली प्रत्येक लस डोळे मिटून टोचून घेणाऱ्यांची. दुसरी, प्रत्येक सुईमागे कारस्थान पाहणाऱ्यांची. पहिल्या बाजूला प्रश्न विचारणे हाच द्रोह वाटतो आणि दुसऱ्या बाजूला उत्तर ऐकून घेण्याची इच्छाच नसते. या दोहोंखेरीज एक तिसरी भूमिका आहे आणि लोकशाहीत तीच नागरिकाची स्वाभाविक भूमिका असली पाहिजे. लस घ्यावी; पण तिची मात्रा किती, ती कोणावर पडताळून पाहिली आहे, घेतल्यानंतर काही बिघडले तर त्याची नोंद कोण करणार आणि भरपाई कोण देणार, हे विचारून घ्यावी. स्वयंप्रवर्धक आरएनए लशींच्या निमित्ताने हे प्रश्न पुन्हा एकदा ऐरणीवर आले आहेत. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याने ते विचारणे अधिक अगत्याचे आहे.

हा विषय केवळ परदेशी प्रयोगशाळांतला नाही. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने तयार केलेल्या 'जेमकोव्हॅक-१९' या लशीला भारताच्या औषध नियंत्रकांनी जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी दिली. तिचीच ओमायक्रॉनसाठी बदललेली आवृत्ती 'जेमकोव्हॅक-ओएम' हिला जून २०२३ मध्ये तशीच परवानगी मिळाली. या कामाला केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे अर्थसाहाय्य होते, म्हणजे पैसा जनतेचा होता. एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. कोविड ही आता जागतिक आणीबाणी राहिलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले होते; त्यानंतर महिन्याभराने दुसरी परवानगी 'आपत्कालीन' म्हणून देण्यात आली. पुढे जपानने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'कोस्टाइव्ह' या स्वयंप्रवर्धक लशीला पूर्ण मान्यता दिली आणि युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला संमती दिली. उद्या एखादी नवी साथ आली, तर या तंत्राची लस आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचू शकते. म्हणून विचार आज, शांत काळात व्हावयास हवा. साथ दाराशी आल्यावर विचार होत नाही, फक्त घाई होते.

प्रथम ही लस काम कशी करते ते समजून घेऊ. फायझर किंवा मॉडर्ना यांच्या लशींत असलेला संदेशवाहक आरएनए म्हणजे पेशीला दिलेली एक चिठ्ठी. विषाणूचे अमुक एक प्रथिन तयार कर, एवढाच त्यात निरोप असतो. पेशी ते प्रथिन तयार करते, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची ओळख करून घेते आणि ती चिठ्ठी काही काळाने नष्ट होते. स्वयंप्रवर्धक आरएनएमध्ये या निरोपाच्या आधी आणखी एक मजकूर जोडलेला असतो. तो अल्फाविषाणू नावाच्या गटातून, बहुधा घोड्यांना होणाऱ्या व्हेनेझुएलन मेंदूज्वराच्या विषाणूपासून घेतलेला असतो आणि पेशीला सांगतो की या चिठ्ठीच्या नकला करणारे यंत्रही तयार कर. त्यामुळे एका चिठ्ठीच्या अनेक चिठ्ठ्या होतात आणि थोड्या द्रव्यात अधिक प्रथिन मिळते. विषाणूचे बाहेरचे कवच बनवणारा भाग मात्र त्यातून काढून टाकलेला असतो. म्हणून यातून नवा विषाणू जन्मत नाही.

मात्रेचा प्रश्न येथेच उभा राहतो. फायझरच्या प्रौढांसाठीच्या मूळ लशीत एका वेळी ३० मायक्रोग्रॅम आणि मॉडर्नाच्या मूळ लशीत १०० मायक्रोग्रॅम आरएनए असे. जेमकोव्हॅकची मात्रा १० मायक्रोग्रॅम, तर कोस्टाइव्हची अवघी ५ मायक्रोग्रॅम. २०११ च्या जनगणनेप्रमाणे यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार ३४८ होती. तेवढ्या सर्वांना १० मायक्रोग्रॅमची एकेक मात्रा द्यायची, तर सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे जवळपास अडीच तोळे आरएनए पुरेल. एका लग्नात मुलीच्या अंगावर घालावयाच्या सोन्याइतक्या द्रव्यात अख्खा जिल्हा! साथीच्या वेळी थोडक्या काळात थोडक्या कच्च्या मालात पुष्कळ लोकांना लस देता येणे ही लहान गोष्ट नव्हे. या शोधाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु मात्रा कमी म्हणजे धोका कमी, हे समीकरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. बाळगुटी उगाळताना घरातील आजी सहाणेवरचे वळसे मोजत असे, कारण जेवढे वळसे तेवढेच औषध बाळाच्या पोटात जाई. या लशीत टोचलेले द्रव्य आणि शरीरात प्रत्यक्ष काम करणारे द्रव्य ही एक नसतात. नकला किती होतील हे त्या त्या शरीरावरही अवलंबून असते. शिवाय नकला होताना आरएनएची दुपदरी रूपे तयार होतात. शरीर त्यांना विषाणूच्या हल्ल्याची खूण समजून इंटरफेरॉन सोडते. ताप, अंगदुखी, थकवा यांचा एक उगम येथे आहे. तोच प्रतिसाद अति झाला तर नकला करण्याचे काम थंडावते आणि लसच निष्प्रभ होते. साध्या संदेशवाहक आरएनएमध्ये हा अतिरेक टाळण्यासाठी आरएनएच्या एका घटकात बदल केला जातो. त्या संशोधनासाठी कातालिन कारिको व ड्रू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंप्रवर्धक लशींत मात्र तो बदल नकला करणाऱ्या यंत्राच्या आड येतो, म्हणून तो बहुधा करता आलेला नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये ०.१ ते १० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या मात्रा तपासल्या, तेव्हा त्या सहन तर झाल्या, पण अनेक स्वयंसेवकांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडेच तयार झाली नाहीत. कमी मात्रेने नुकसान नाही, पण लाभही नाही, असा तो अनुभव होता.

त्यानंतरच्या लशींचे निकाल अधिक चांगले आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. व्हिएतनाममधील मोठ्या चाचणीत ५ मायक्रोग्रॅमच्या दोन मात्रांनी कोणत्याही स्वरूपाच्या कोविडपासून ५६.६ टक्के आणि तीव्र आजारापासून ९५.३ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. जपानमध्ये ८२८ प्रौढांवर फायझरच्या लशीशी तुलना झाली. तेथे ५ मायक्रोग्रॅमची मात्रा ३० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी ठरली नाही. टोचल्या जागी दुखणे, थकवा, डोकेदुखी असे दुष्परिणाम बहुतांश सौम्य किंवा मध्यम होते. तेव्हा ही लस घातक आहे असे म्हणण्यास आधार नाही.

आधार आहे तो दुसऱ्या एका सावधगिरीला. जेमकोव्हॅक-१९ ची मोठी चाचणी सुमारे चार हजार माणसांवर झाली. संख्याशास्त्राचा एक साधा नियम आहे: तीन हजार जणांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तर त्याचे प्रमाण हजारात एकापेक्षा कमी असावे, एवढेच पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणता येते. पन्नास हजारांत एकाला होणारी व्याधी अशा चाचणीत दिसण्याची शक्यता अत्यल्प असते. पण तीच लस यवतमाळ जिल्ह्यातील सर्वांना दिली, तर पन्नासांहून अधिक घरांत ती व्याधी पोचेल. येथे कोणाची लबाडी आहे असे नव्हे; चाचणीची स्वाभाविक मर्यादाच ती आहे. विरळ दुष्परिणाम कळतात ते लस बाजारात आल्यावर, गावोगावच्या नोंदींतून. म्हणजे लशीच्या सुरक्षिततेचा शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रयोग जनतेच्या देहावरच होत असतो. तो होणे अटळ असेल, तर त्याची वही तरी नीट ठेवली पाहिजे.

ती वही कशी ठेवली जाते? २०२१ च्या मे महिन्यात केंद्र शासनाच्या समितीने जाहीर केले की कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण भारतात दहा लाख मात्रांमागे ०.६१ आढळले. त्याच निवेदनात ब्रिटनचे प्रमाण ४ आणि जर्मनीचे १० असे दिले होते. दक्षिण आशियाई लोकांत अशा गुठळ्यांचा धोका मुळात कमी असतो, असे त्या निवेदनात म्हटले होते आणि त्यात तथ्य असू शकते. पण आणखी एक शक्यता आहे, जी कोणत्याही शासकीय निवेदनात सहसा येत नाही. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर लस घेतल्यानंतर दहाव्या दिवशी एखाद्या कोलाम स्त्रीच्या पायाला सूज आली, तिला असह्य डोकेदुखी झाली, तर ती घटना कोणत्या कागदावर उतरणार? नियमांप्रमाणे आशा कार्यकर्तीने वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचे, गंभीर घटनेचा अर्ज चोवीस तासांच्या आत जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे जायचा, मग जिल्हा, राज्य व राष्ट्रीय समित्यांनी कार्यकारणसंबंध ठरवायचा. व्यवस्था कागदावर चोख आहे. परंतु जिची घटना कोणी कळवलीच नाही, ती स्त्री त्या आकडेवारीत 'निरोगी' म्हणूनच गणली जाते. ज्या देशात नोंद विरळ, त्या देशात दुष्परिणामही विरळ दिसणारच.

यवतमाळला या गोष्टीचा कडू अनुभव आहे. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत कापसावर कीटकनाशक फवारताना या जिल्ह्यात शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसांहून अधिक मरण पावले. औषधाची मात्रा डब्यावर छापलेली होती, इशाराही होता. पण पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या हाती हातमोजे नव्हते आणि तो इशारा त्याच्या भाषेत व डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत नव्हता. रुग्ण आठवडेच्या आठवडे रुग्णालयात येत होते, तरी शासनाला जाग आली ती मृत्यूंची बातमी राज्यभर पसरल्यानंतर. लस आणि कीटकनाशक यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. एक जीव वाचवते, दुसरे जीव घेते. पण नोंद करणारी यंत्रणा दोन्हींसाठी एकच आहे, हे विसरता येत नाही.

दुसरा अनुभव लशीचाच आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ मोहिमेच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. कारवाई झाली ती तळच्या तीन कर्मचाऱ्यांवर. चूक अक्षम्य होती, यात शंका नाही. पण कोविडच्या कामाने थकलेल्या, मानधनावर राबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या टेबलावर दोन बाटल्या शेजारी शेजारी कशा आल्या, हा प्रश्न निलंबनाच्या आदेशाने सुटत नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे हाफकिन यांची प्लेगची लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका लशीवर व हाफकिन यांच्यावर ठेवला गेला. दोष एका बाटलीपुरता होता आणि ती प्रयोगशाळेतून निघताना दूषित नव्हती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडले. २०१४ मध्ये सीरियातील इदलिब येथे गोवराची लस विरघळवण्याच्या द्रवाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध वापरले गेले आणि १५ बालके मेली. जेमकोव्हॅक-ओएम भुकटीच्या रूपात येते आणि साध्या शीतकपाटात २ ते ८ अंशांवर टिकते, ही ग्रामीण भागासाठी मोठी सोय आहे. पण भुकटी म्हटली की ती विरघळवणे आले आणि ही लस सुईविना, खास उपकरणाने त्वचेत द्यावी लागते. मायक्रोग्रॅमची मात्रा प्रयोगशाळेत ठरते. ती बरोबर की चूक हे उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या हाती असते. तिला प्रशिक्षण, वेळ आणि कायम नोकरी न देता नवे तंत्र तिच्या हाती सोपवणे म्हणजे उद्याच्या निलंबनाची आजच तयारी करणे होय.

मात्रेचा आणखी एक प्रश्न आहे: ती कोणाच्या शरीरावर ठरवली? चाचण्या बहुधा निरोगी किंवा प्रकृती स्थिर असलेल्या प्रौढांवर होतात. विदर्भाच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, रक्तक्षयाने व कुपोषणाने खंगलेल्या स्त्रिया आहेत. शिवाय चिकुनगुनियाचा विषाणू हा अल्फाविषाणूच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ मध्ये त्याची साथ आली होती आणि २००६ मध्ये तो महाराष्ट्रभर, विदर्भातही, पुन्हा पसरला. ज्यांना हा रोग होऊन गेला आहे, त्यांच्या शरीरात याच कुळातील नकलायंत्रावर चालणारी लस नेहमीसारखीच वागेल काय? लस घेतली आणि त्याच आठवड्यात चिकुनगुनिया झाला तर? या शंका आज सैद्धांतिक आहेत, त्यांवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण बोस्टन किंवा टोकियोच्या संशोधकाला त्या तातडीच्या वाटणार नाहीत. त्यांची उत्तरे शोधण्याची जबाबदारी भारतीय विज्ञानाची आहे आणि त्यासाठी लागणारे रक्ताचे नमुने विदर्भातच आहेत.

मात्र नमुने घ्यायचे म्हणजे माणसाला नमुना करायचे नव्हे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम येथे आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला, तेव्हा अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या लशीने पुढे जगभर असंख्य स्त्रियांचे भले केले आहे, आणि म्हणूनच तो प्रकार अधिक लाजिरवाणा होता. चांगल्या लशीलाही गरिबाची संमती विचारावीच लागते.

जपानमध्ये २०२४ साली वेगळेच घडले. ही लस घेतलेल्या माणसाकडून तिचा संसर्ग इतरांना होतो, अशी भीती तेथे पसरली. कवचाची प्रथिनेच नसल्याने या भीतीला पुरावा नाही. पण उत्पादक कंपनीने एका खासदाराविरुद्ध बदनामीचा दावा लावला. अफवेला उत्तर खुल्या नोंदींनी द्यायचे असते. नोंद झाकून ठेवलेली असेल, तर अफवाच नोंदीची जागा घेते.

यापुढचा मार्ग मुळीच अस्पष्ट नाही. २ मे २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, चाचण्यांची माहिती विनाविलंब लोकांपुढे ठेवली पाहिजे आणि दुष्परिणामांची नोंद व्यक्तींना व खाजगी डॉक्टरांनाही करता आली पाहिजे. हा निर्णय जिल्ह्याच्या पातळीवर उतरला पाहिजे. कोणत्याही स्वयंप्रवर्धक लशीच्या प्रत्येक बाटलीबरोबर तिची मात्रा, ती विरघळवण्याची रीत आणि धोक्याची लक्षणे मराठीत व आवश्यक तेथे कोलामी-गोंडीत दिली जावीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दुष्परिणामांची वही असावी आणि नावे वगळून तिचा गोषवारा दर तिमाहीला ग्रामसभेपुढे वाचला जावा. गंभीर नोंद करणाऱ्या आशा कार्यकर्तीला शिक्षेचे भय नसावे; उलट त्या कामाचा तिला मोबदला मिळावा. सार्वजनिक पैशाने साकारलेल्या लशीच्या चाचण्यांची संपूर्ण माहिती सार्वजनिक मालकीची मानली जावी.

आणि शेवटी भरपाई. २०१९ च्या नियमांप्रमाणे वैद्यकीय चाचणीत सहभागी झालेल्यास इजा झाली, तर त्याला मोफत उपचार व भरपाई मिळते. पण तीच लस बाजारात आल्यावर नागरिकाला इजा झाली तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली की लशीमुळे झालेल्या मृत्यूंसाठी शासनाला थेट जबाबदार धरता येणार नाही, दिवाणी न्यायालयाचे दार मोकळे आहे. मारेगावच्या शेतमजुराने औषध कंपनीविरुद्ध दिवाणी दावा लढवावा, असे सुचवणे ही क्रूर थट्टा आहे. ब्रिटनने १९७९ मध्ये आणि अमेरिकेने १९८६ मध्ये लशीने इजा झालेल्यांसाठी कायदे केले. त्यामागचा विचार सरळ आहे. लस एकट्याच्या नव्हे, सर्वांच्या रक्षणासाठी घेतली जाते. तेव्हा त्या रक्षणाची किंमत ज्या एखाद्या घराला मोजावी लागते, त्या घराचा भार सर्वांनी उचलला पाहिजे. ही दया नव्हे, हा हक्क आहे, आणि तो शासनाच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात लिहिला गेला पाहिजे.

लस हे समाजाच्या परस्परविश्वासाचे अपत्य आहे. शेजाऱ्याचे मूल वाचावे म्हणून आपण आपला दंड पुढे करतो. तो दंड पुढे करणाऱ्याला मात्रा सांगणे, त्याची तक्रार लिहून घेणे आणि तो पडला तर त्याला उचलणे, एवढे कर्तव्य समाजाने पाळले, तर नव्या लशीला कोणी नको म्हणणार नाही.